मुक्कामाच्या झेंड्या

११ ऑगस्ट
पोचलो एकदाचे! सामान खेचरावर आणि मागून धापा टाकत आम्ही दोघं नवरा-बायको. डाकियावर, म्हणजे आजच्या रोमानियावर, चढाई करताना रोमन सैन्याने एका मुक्कामापुरता उभारलेला तळ या डोंगरमाथ्यावर आहे. गवताखाली बुटका मातीचा बांध, बाहेरून बुजलेला खंदक, दाराच्या जागी खिंडार. उत्खननाची मंडळी सोमवारी येणार. तोवर मी मोजणी करून झेंड्या रोवायच्या, स्मारांदाने नोंदी घ्यायच्या. तिने आल्याआल्याच टोमणा मारला, की रोमनांचे मोजणीदारही असेच आधी येऊन झेंड्या रोवत आणि मागून लष्कर येई. तेव्हा लेओन्तिनमहाराज, खुंट्या सरळ ठोका! हवा सुरेख आहे. मी फार खूश आहे.

१२ ऑगस्ट
बांधाच्या रेषेवर लाल झेंड्या लावल्या, मधोमध पांढरी. तिच्याशेजारी आमचा तंबू. मेंढपाळ इरिमिएकाका चीज घेऊन आला. बांध गुडघ्याएवढाही नाही, तरी म्हातारा लांबचा वळसा घालून खिंडारातूनच आत शिरला. स्मारांदा मात्र बांधावरून उड्या मारत होती. म्हणाली, रोमनांकडे याला देहदंड होता. दार सोडून बांध ओलांडणाऱ्याला त्याच्याच तंबूतल्या सोबत्यांनी दांडक्यांनी मारायचं. तू मारशील का रे मला? मी म्हटलं, चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा करपतेय, आधी ती बघ. पोट धरून हसलो. काका हसला नाही. झेंड्या काढा म्हणाला, पाव्हण्यांना आवतण धाडू नका. त्याच्या मेंढ्या बांधाच्या आत येत नाहीत.

१४ ऑगस्ट
दिवसभर धुकं. दुपारी पाहिलं तर खंदक उकरलेला. मी हात लावला नव्हता. बांध छातीएवढा झालाय, माती ओली आणि ताजी. स्मारांदाला म्हटलं, खाली जाऊ या. सोमवारपर्यंत थांबू म्हणाली. तिची बारा वर्षांची मेहनत आहे या तळावर, म्हणून थांबलो. तिथेच चुकलं.

१५ ऑगस्ट
सगळ्या झेंड्या उपटून चुलीत घातल्या. उपयोग नाही. धुक्यात कुदळींचे आवाज, शेकडो. माणूस एकही दिसत नाही. पळताना खंदकात पडलो, घोटा मोडला. स्मारांदाने ओढत आत आणलं. फोन लागत नाही. खिंडाराच्या जागी आता लाकडी फाटक — बंद.

१६ ऑगस्ट, सकाळ
स्मारांदा निघाली. मी हात सोडेना. म्हणाली, "अरे वेड्या, तुला काय पाठुंगळीला घेऊ? काकाला घेऊन येते." फाटक हलेना. बांधावरून गेली.
मी ओरडलो होतो. नको म्हणून ओरडलो होतो.
कुदळी थांबल्या. सगळ्या एकदम.

दुपार
तिला परत आणलंय. पांढऱ्या झेंडीच्या जागी उभी आहे, हात मागे. कोणी धरलंय ते दिसत नाही. जिवंत आहे, देवा, जिवंत आहे.

तंबूच्या दाराशी दांडकं ठेवलंय. एकच. तंबूत आम्ही दोघंच होतो —

मी उचलणार नाही. लिहून ठेवतो. मी उचलणार नाही.

घोटा दुखत नाहीये. उभा कसा राहिलो?

ती म्हणतेय, लेओन्तिन, नको रे. मी काही करत नाहीये, स्मारांदा, मी लिहितोय, बघ, डाव्या हाताने लिहितोय. उजवा —