तिसऱ्या वेसाचा पत्ता

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. आई डोळ्याला पदर लावत होती, परक्या मुलखात चाललीस म्हणून. कुडाळहून पेडणे ते किती, गाडीत घेतलेला चहा निवेपर्यंत स्टेशन येतं. त्याला परका मुलूख म्हणे.

खोली झकास आहे. पुढे बसायला बाल्कांव, मागे केळी, सकाळी पोदेर भोंगा वाजवत दाराशी गरम उंडे पाव देऊन जातो. घरमालक गोकुळदास, पासष्टीचे. तुयेच्या वसाहतीत एका कारखान्यावर राखणदारी करायचे, आता घरीच असतात. मी त्यांना बप्पा म्हणते, त्यांच्या बायकोला, विनोदिनीला, माई. मूलबाळ नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला जेवायला बसवून ताटात इतकं वाढलं की जणू मी दहा दिवसांची उपाशी असावी. बप्पा बोलण्याआधी दोनदा खाकरतात, अगदी हलकं, दार वाजवून आत यावं तसं.

माझं काम ऐकून माझा बाप अजून हसतोय. बाबुरावांनी डिचोलीच्या खाणीवर वीस वर्षं ट्रक हाकला, खाणी बंद पडल्या तसे घरी बसले. त्यांना सांगितलं की मला कॉम्प्युटरवरचा खेळ खेळायचा पगार मिळणार, तर म्हणाले, मग मी पत्ते कुटतो त्याचा कोण देतो?

हसू देत. तुयेच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये गौरेशची छोटी कंपनी आहे, सात माणसांची. त्यांनी एक खेळ बनवलाय. अख्खा मुलूख आहे त्यात, सडे, खाणीचे खड्डे, बंदर, वाटेल तिकडे भटका. ह्या मुलखात तीन चिलखतं लपवलेली आहेत. ती लपवणारी तनया गौरेशशी भांडून नोकरी सोडून गेली, आणि जाताना एक ओळ लिहून ठेवली नाही. चिलखतं आहेत एवढं फायलीत दिसतं, पण खेळणाऱ्याने तिथवर पोचायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नाही. ते मी शोधायचं आणि लोकांसाठी पायरी-पायरीने लिहायचं. १२ डिसेंबरला खेळ सगळ्यांना खुला होणार, त्याच दिवशी माझं लिखाण वेबसाइटवर. वर माझं नाव येणार का, हे मी आजच तोंड वर करून विचारलं. गौरेश म्हणाला, तिन्ही पत्ते दिलेस तर नावही टाकतो आणि कायमही करतो.

सत्तावीस वर्षांत रेश्मा हे माझं नाव फक्त रेशन कार्डावर छापून आलंय. तिन्ही देईन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गंमत कळली. ती चिलखतं ह्याच गावची आहेत. शिगम्यात इथे घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोड्याचं तोंड बांधून, डोक्याला तुऱ्याचं मुंडासं, हातात तलवार घेऊन तिघे जण मांडावर, देवाच्या अंगणात, नाचतात. तो वेस, म्हणजे सोंगाचा वेष, घालायचा मान तीनच घरांचा. एक मधुकर, डावा पाय ओढत चालतो, तरी ढोल लागला की त्याचा पाय सरळ होतो म्हणे. दुसरा सर्वेश, हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाढपी आहे, बोलता बोलता उजवं मनगट झटकायची खोड. तिसरे आमचे बप्पा.

ऑगस्टमध्ये गौरेशने तिघांना वेस घालून शेडमध्ये उभं केलं आणि चहूबाजूंनी कॅमेरे लावून त्यांना कॉम्प्युटरात उतरवून घेतलं. मग त्या कापडाचं लोखंड केलं, घोड्याच्या तोंडाला छातीवर आणलं, झालं चिलखत. बप्पा फार खूश होते. म्हणाले, आता आमचो घोडो अमेरिकेत नाचतलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं सापडलं. पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा आहे, त्यात सगळे वरून उडी मारतात आणि मरतात. ट्रकच्या जुन्या रस्त्याने वळणं घेत उतरायचं, मग पाण्याखाली बोगदा. ही अक्कल मला बापामुळे आली. खाणीत कुणी उडी मारत नाही, हे ट्रकवाल्याच्या पोरीला सांगावं लागत नाही.

चिलखत घातलं आणि माझा खेळातला गडी डावा पाय ओढू लागला. अंगावर घातलेलं चिलखत काढता येत नाही, दुसरं मिळेपर्यंत तेच राहतं, तनयाने तसंच बनवलंय. मी बग म्हणून नोंदवलं. प्रोग्रॅमर साईश म्हणाला की चाल सगळ्यांना एकच दिली आहे, लंगडं चालणं कुणी बनवलेलंच नाही. उद्या आपल्या मशीनवर घालून बघतो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मधुकर आजारी. बुधवारी दुपारी अंगणात चालता चालता बसला, दोन्ही पाय गेले. काल चारच्या सुमारास कंबरही गेली, आता उठून बसता येत नाही. माई पेज घेऊन गेल्या होत्या, रडत आल्या.

साईशने काल चारच्या सुमारासच ते चिलखत आपल्या मशीनवर घातलं. त्याचाही गडी लंगडला. त्याने बग बंद केला, कारण सापडत नाही असा शेरा मारून.

चारच्या सुमारास. हे मी उगाच लिहितेय. वय झालं माणसाचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल दुसरं सापडलं, बंदरात बुडत्या बार्जच्या पोटात. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. घातलं. माझा गडी दोन पावलं चालला आणि त्याने उजवं मनगट झटकलं. पुन्हा चालला, पुन्हा झटकलं.

सर्वेशला मी हरमलला एकदाच बघितलंय, ग्लास विसळून असंच पाणी झटकत होता.

मी मशीन बंद करून सरळ स्कूटर काढली आणि हरमल गाठलं. शॅकवाल्याने सांगितलं, त्याला इस्पितळात नेलाय. ट्रे हातातून पडला आणि मग हातच पडला. खांद्यापासून लोंबतोय. बत्तीस वर्षांचा आहे तो. त्याचं वय झालं म्हणायची सोय नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बप्पांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले असते तर बरं झालं असतं. मग खाकरून म्हणाले, आंगार घेतलेलो वेस उतरवचो पडता गो.

शिगमा संपला की तिघांनी मांडावर उभं राहायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, तुझो वेस तुका परत, आमचा आंग आमका परत, आणि मगच मुंडासं सोडायचं. ऑगस्टमध्ये ते कुणी केलंच नाही. शेडमध्ये वीज जाईल म्हणून गौरेश घाई करत होता. ह्यांनीही विचार केला की ढोल नाही, मांड नाही, नुसते फोटो, त्याला गाऱ्हाणं कित्याक? कपडे पिशवीत भरले आणि बसने घरी आले. रात्री बप्पांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी ते दोघांच्या दारात गेले, चला, उतरवून टाकू. मधुकर आला. सर्वेशला शॅकच्या डागडुजीचं काम होतं, म्हणाला, शिगम्याक बघूया.

आता तिघांनी आपल्या पायावर मांडावर उभं राहायचं कसं? मधुकरला पाय नाहीत.

मी विचारलं, तिसरं कुणी घातलं तर? म्हणाले, माझो पाय बरो आसा, हातूय बरो आसा. माझा काय जातला ता देवाक खबर. आणि माईला चहा टाकायला सांगितलं.

मला ते दोनदा खाकरणं आठवलं. ते छातीतून येतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरं सापडलं. शोधायचं नव्हतं, पण सवय वाईट. सड्यावर एक रिकामं घर आहे. आतली खोली काही केल्या उघडत नाही, सगळ्यांनी तलवारीने दार फोडून पाहिलंय. हत्यारं उंबऱ्याबाहेर ठेवायची, आत जाऊन बसायचं आणि दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. दार आपलं आपण उघडतं. आजकाल दहा मिनिटं कोण गप्प बसतंय? मी सांगितल्याशिवाय हे कुणाला सापडणार नाही.

चिलखत समोर उभं होतं. मी हात लावला नाही, मशीन बंद केलं. गौरेशला सांगितलं, तिसरं मिळत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

गौरेशला सगळं सांगून पाहिलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की मी नीट जेवते ना. मधुकरला साखर होती, सर्वेश दारू पितो, डॉक्टरही तेच म्हणतात. मग म्हणाला, दोन पत्त्यांचं गाइड म्हणजे दोन पायांची तिवई. तिसरा नसेल तर नाव नाही, आणि डिसेंबरनंतर कामही नाही.

साईश मान खाली घालून बसला होता. त्याला चार वाजताचं माहीत आहे.

६ डिसेंबर, शनिवार

बापाचा फोन. पत्त्यांच्या अड्ड्यावर सांगून आलेत की बारा तारखेला पोरीचं नाव जगभर दिसणार. दोघांनी पैज लावलीय की खोटं आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, तुझं काम नेमकं काय गो, नीट सांग बघू.

मी सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदाही हसले नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

दिला.

चौदा ओळी. हत्यारं उंबऱ्याबाहेर ठेवा, इथपासून. गौरेशने पाठीवर थाप मारली. घरी आले तर माईंनी माझ्यासाठी पातोळे करून ठेवले होते.

मी स्वतःला सांगते की साखर होती, दारू होती. मी बीएस्सी आहे. मी काही केलं नाही, फक्त पत्ता लिहिला. कोण दहा मिनिटं बसतंय?

पातोळे खाल्ले मी. दोन खाल्ले.

११ डिसेंबर, गुरुवार

झोप नाही. बप्पा आज मधुकरकडे जाऊन आले. एका माणसाने घातलं तर पाय, दुसऱ्याने घातलं तर कंबर. दोनच माणसांत एवढं.

उद्या किती घालतील, गौरेश सांगत होता. पाच हजार तरी —

पहाटेच जाते. काढायला लावते. पाया पडते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी साडेनऊ, शेडमध्ये

पाया पडले. सगळ्यांसमोर. शेवटच्या चौदा ओळी काढ, माझं नाव काढ, मला काढ. गौरेश म्हणाला, दहाला आपोआप उघडणार, आता कशालाही हात लावायचा नाही. घरी जाऊन झोप. साईश बाहेर निघून गेला.

पावणेअकरा

घरी आले. बप्पा बाल्कांवात बसून अळसांद्याच्या शेंगा सोलतायत. बरे आहेत. लवकर कशी आलीस, विचारलं. खाकरून विचारलं. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

फोनवर वेबसाइट उघडून बसलेय. कुणाला काय सापडलं त्याचा आकडा दिसतो. पहिलं, ४०. दुसरं, ११. तिसरं, ०.

मधुकर. सर्वेश. त्यांचं तर मी विसरूनच —

अकरा वाजून वीस

तिसरं, १.

बप्पा काहीतरी बोलायला गेले. खाकरायला गेले — आवाज आला नाही. छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत.

अकरा चाळीस

९. आत आणून निजवलं. श्वास घेतायत, पण अर्धाच. खिडकी उघडली. माई पाठ चोळतायत. १०८ ला फोन केला, गाडी डिचोलीहून येतेय म्हणे —

बारा वाजून पाच

६४. गौरेश फोन उचलत नाही. साईशने उचलला, म्हणाला, मी प्रयत्न करतोय, मला पासवर्ड —

कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. चिलखत घातलेला गडी, आणि तलवार उचलण्याआधी प्रत्येक वेळी दोनदा खाकरतो. हलकं. खाली लिहिलंय, आवाज जबरदस्त. त्याखाली, पत्त्याबद्दल आभार, रेश्मा. बापाचा मेसेज, नाव दिसलं, पैज जिंकलो.

साडेबारा

२११. ओठ निळे. शुद्ध आहे. माझ्याकडेच बघतायत. त्यांना कळलंय. मी तो आकडा बघतेय ते त्यांना —

माईंना नाही कळलेलं. माझा डावा हात घट्ट धरून बसल्यायत. बरा झाला गो तू घरात आसस, म्हणतात, देवानंच धाडल्यान तुका, मी एकटीन काय केला असता.

२३०. २४४.

हात सोडवत नाही. सांगायला हवं. आत्ता, ते ऐकतायत तोवर. माई, देवाने नाही हो, त्या चौदा ओळी मी माझ्या हाताने —