मिरच्यांची धुरी

कोल्हापूर, ९ डिसेंबर १९७६

आज पुन्हा दम्याने आडवं केलं. आई म्हणाली, नजर लागली. माझ्यावरून मिरच्या उतरवून तिने चुलीत टाकल्या. तोच वास. लहानपणी वडील मानगूट धरून माझं तोंड मिरच्यांच्या धुरावर दाबायचे आणि आई दाराशी उभी असायची. वडील गेले, धाप राहिली. ती मी मरेपर्यंत राहणार, असं डॉक्टर म्हणतात. मग हे लिहून तरी काय होणार?

तोच वास. मी खोकून खोकून कोलमडले. आई मात्र खूश. "ठसका लागला की! नजर असती तर लागला नसता. न्हाय बघ नजर."

नजर होती, आई. दाराशी उभी राहून बघत होतीस, ती.