मनकर्णाबाईच्या फुलमळ्याची अट

मी मनकर्णाबाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, धंदा फुलांचा, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. शाळेचे खुशालराव मास्तर लिहून घेत आहेत. माझे डोळे गेले आहेत, डोके गेलेले नाही. घरातल्यांनी दोन्हींची गल्लत करू नये.

१. माझ्या नावची बैलजोडी आणि राहते घर माझे यजमान नत्थुजी यांना. (नाव मास्तरांनी लिहिले, मी घेतलेले नाही.) मला धूसर दिसू लागले तेव्हा या गृहस्थांनी वर्षभर माझ्या डोळ्यांत मध घातला, कांद्याचा रस घातला, आणि वर रोज विचारले, "आता कसं दिसून राहिलं?" डोळ्यांत कांदा घातल्यावर काय दिसते ते त्यांनी एकदा स्वतः पाहावे. तरी माणूस जिवाचा. त्यांना दोन वेळा गरम भाकर मिळावी.

२. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या मैनाबाईला द्याव्यात. मला मीठ बंद आहे आणि बरण्या फळीवरून मला हाका मारतात. झाले असे, की मी अकोल्याला डॉक्टरांकडे चष्मा आणायला गेले. त्यांनी आरशाने उजेड पाडून डोळ्यांच्या आत पाहिले आणि लघवी मागितली. मी म्हटले, "साहेब, बिमार तर डोये आहेत." त्यांनी ती काचेच्या नळीत तापवली, तर नासक्या दुधासारखी फाटली. म्हणाले, बाई, तुमचे मूत्रपिंड कित्येक वर्षांपासून खराब आहे, डोळ्यांनी ते आता सांगितले. सकाळी पापण्या सुजत होत्या का? होत्या. माझी आई वारली त्या सालापासून सुजू लागल्या. सगळे म्हणाले, रडते बिचारी. आईचे दुःख होतेच, पण फुले तोडून बाजार गाठणाऱ्या बाईला इतके रडायला सवड कुठली? तेव्हाच आला असतात तर डोळे इतक्या लवकर गेले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

३. वडिलांनी मला बक्षीस दिलेला फुलमळा, विहिरीसह, माझी मुलगी शालू हिला. शालू मोर्शीला दिली आहे. लग्नाला आठ महिने झाले. तिथे म्हणतात, पोरगी सकाळी सुजल्या डोळ्यांनी उठते, माहेर आठवून रात्रभर रडते. माहेरी धाडली तर लळा सुटायचा नाही. म्हणून दिवाळीलाही धाडली नाही. काल तिची सासू पार्बताबाई मला पाहायला आल्या आणि तिला सोबत आणले. ती पाया पडली तेव्हा मी तिचे डोळे चाचपले. विचारले, "रडतं का वं?" म्हणाली, "नाही वं माय, मले तर तिथं करमते." मग मी तिच्या नडगीवर बोट दाबले. खड्डा पडला आणि तसाच राहिला. माझ्या पायाला असाच पडतो.

म्हणून अट अशी, की शालूने आठ दिवसांच्या आत अकोल्याला डोळे आणि लघवी दोन्ही दाखवावे. ही अट माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. दाखवले नाही तर मळा देवस्थानाला जाईल, आणि तिथले पुजारी फुलांना पाणी कसे घालतात ते गावाला ठाऊक आहे.

४. विहीणबाई पार्बताबाई यांना मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे मास्तर म्हणतात, ते बरेच झाले. बाई वाईट नाहीत. सुनेला रडू नको म्हणून त्या स्वतः थोपटून निजवतात, हे शालूनेच सांगितले. मला फक्त त्यांनी हे ऐकायला हवे होते.

मुक्काम बार्शीटाकळी, तारीख १४ माहे डिसेंबर सन १९३६.

निशाणी अंगठा: मनकर्णाबाई
साक्षीदार: सहदेव (सही)
साक्षीदार: पार्बताबाई ________

लिहून घेणाऱ्या खुशालराव मास्तरांची टीप: दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी आहे, त्याचा खुलासा. पार्बताबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली आणि तिसरे कलम पुन्हा वाचायला सांगितले. मग शालूला जवळ बोलावून तोच अंगठा तिच्या नडगीवर दाबला आणि खड्डा भरून येतो का ते पाहिले. म्हणाल्या, "गाडी जुपा." दोघी अकोल्याला निघून गेल्या. दुसऱ्या साक्षीशिवाय हा कागद कोर्टात टिकणार नाही, असे मी मनकर्णाबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "राहू द्या, मास्तर. आता मले मरायची घाई नाही."