दाढीवाली राणी

प्रिय वैजू,

तुझ्या क्लासेसच्या नव्या इमारतीची पत्रिका परवा नांदेडला पोचली. लातुरात, भर रस्त्यावर, तीन मजले! ऊर भरून आला रे. 'कै. शेषेराव यांच्या पुण्याईने' हेही वाचलं. पण आईचं नाव कुठंच नाही, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. उद्घाटनाला अजून वेळ आहे, म्हणून लिहिते. खुशाल रागाव, पण पूर्ण वाच.

सध्या मी वर्गात इजिप्त शिकवून राहिले. तू म्हणशील, ताई, परीक्षेत किती मार्कांना येतं ते? गप्प बस. अरे, तीन हजार वर्षं राज्य चाललं तिथं! आधीच्या राजांनी डोंगराएवढे पिरॅमिड बांधले, साऱ्या जगाला दिसावेत असे. चोरांनी ते फोडले, तेव्हा पुढचे राजे डोंगराच्या पोटात गुपचूप थडगी खोदायला लागले. मग दक्षिणेचे आले, इराणी आले, ग्रीक आले. जो येई तो तिथल्याच फॅरोसारखा मुकुट घालून देवळाच्या भिंतीवर उभा! वाचता वाचता मी चहा गार करते रोज.

आणि या सगळ्यांच्या मधे हातशेपसुत राणी. नवरा गेला, गादीवर लहानगं सावत्र पोर. बाईनं कारभार हाती घेतला आणि पुढं सरळ राजाच झाली. पुतळ्यांत राजाची खोटी दाढीसुद्धा लावून घेतली! मला तर आपली आईच दिसली बघ. भूकंपात अण्णा गेले तेव्हा तू जेमतेम सहा वर्षांचा. आपण पत्र्याच्या शेडमधे, आणि ही बाई लुगड्यावर अण्णांचा सदरा चढवून निलंग्याच्या आडतीत तुरीच्या भावासाठी बाप्यांशी भांडायची. 'आजपास्नं मीच शेषेराव हाय,' म्हणायची. कुठून आणलं असेल रे एवढं बळ?

तिकडं ते पोर मोठं झालं, मोठा पराक्रमी राजा झाला. राणी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यानं तिचं नाव भिंतींवरून छिन्नीनं खरवडून काढलं. का, ते नक्की कुणालाच माहीत नाही. राग नसेलही; राजांच्या रांगेत बाई नको, एवढंच असेल. पण सव्वातीन हजार वर्षांनी लोकांनी त्या छिन्नीच्या खुणांतूनही तिला ओळखलं! अंगावर काटा आला माझ्या. तूही वाईट मनानं केलं नाहीस, जाणते मी. गेलेल्या माणसाचं नाव टाकायचं असतं, घरात बसलेल्या आईचं कुणाला सुचतं?

खरं सांगू, मी राणीपायी लिहीत नाही. पत्रिका आली तेव्हा आई माझ्याकडंच होती. शेडमधे असताना ती सही शिकली, तेवढंच तिला वाचता येतं: तुळजाबाई. तिनं पत्रिका घेतली, ओळीओळीवरून बोट फिरवलं, उलटून मागंही पाहिलं. मग पदरानं डोळे चोळत म्हणाली, 'सिंधे, माझी नजर लई अधू झाली बघ. मला माझं नावच दिसंना.' मी म्हटलं, हाव आई, दाखवू डॉक्टरला. काल नेलं. नजर ठणठणीत आहे, वैजू. आता तिला काय सांगू, ते तूच कळव.

तुझीच,
सिंधुताई