घराण्याच्या हंड्यातलं शिसं

आन्यांग, २७ एप्रिल १९९६

तीर्थरूप मोठ्या मामांना युनलूचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे आणि मामींचा खोकला आता बरा असेल. मी ठीक आहे, प्रयोगशाळा मात्र आपल्यावर रागावली आहे. घराण्याचा तीन पायांचा कांस्याचा हंडा आपण तपासायला पाठवलात, हे उपकारच. (तो आपल्या शीगोउच्याच डोंगरातल्या धातूचा, शेजारच्या दोंगगोउची मातीही त्याला लागलेली नाही, म्हणून दोंगगोउच्या सूफेनशी माझं लग्न होणे नाही, असं आपण छिंगमिंगच्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांपाशी सगळ्या कुळासमोर ठणकावलं होतंत.) पण त्याला पाहुण्यांकडे जायचं म्हणून तीन हजार वर्षांचा हिरवा थर घरच्या जुन्या, आंबट शिरक्यानं घासून काढायची काय गरज होती? खोकं उघडल्यावर मजलाभर असा वास सुटला की आमचे दोघे जण शेवया खायला गेले ते संध्याकाळीच उगवले.

कांस्यात शिसं मिसळलेलं असतं, आणि प्रत्येक खाणीतल्या शिशाची जातकुळी वेगळी असते. (आपण शिरका चाटून कुणाच्या घरचा ते सांगता, तसंच. फक्त आम्ही चाटत नाही.) आधी एका पायाला बारीक भोक पाडलं. पाय ट्रकच्या बॅटरीच्या शिशाचा निघाला. मी घाबरून फोन केला, तर मामी म्हणाल्या, "अरे बावळटा, तो पाय तुझ्या मामांनीच मोडलाय. जेवायला उशीर झाला म्हणून लाथ घातली, आणि मग गुपचूप गॅरेजवाल्याकडून नवा ओतून बसवून आणला." मग हंड्याच्या पोटातून चिमूटभर भुकटी काढली. ती अस्सल प्राचीन निघाली, पण शिसं दोंगगोउच्या डोंगरातलं. शिक्क्यासह अहवाल सोबत जोडला आहे. वाचून मला रडू आलं (आनंदानं, असं आमचे साहेब म्हणतात, पण त्यांना आपल्या घराण्याची अब्रू काय कळणार).

आपला आज्ञाधारक भाचा,
युनलू

ता. क. : पूर्वजांनीच दोंगगोउशी संबंध जोडला म्हटल्यावर आपलाही नाइलाज आहे. येत्या आठ तारखेला लाल खजूर आणि दारूच्या दोन चांगल्या बाटल्या घेऊन सूफेनच्या वडिलांकडे बोलणी करायला जावं, ही विनंती. लाथेचं मी तिकडे कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक : अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेला दाखवू नये. दोन्ही डोंगरांचे आकडे इतके सारखे येतात की कुठलंही नाव लिहिता येतं. शिसं तपासायच्या यंत्रावर सूफेनच बसते, हे सांगायचं राहिलं. तिनं विचारलं, "बोल, कुठलं लिहू?" आपली शपथ मामा, मी आधी शीगोउच म्हणालो होतो. मग तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.