जायचं एक, यायची दोन

२ जून २०२५

कार्ड आलं. निळं आहे, कोपऱ्यात विमान. बँक आणि विमान कंपनी या दोघांचं मिळून एक. खर्च केला की पॉइंट, पॉइंट साठले की तिकीट. इतकं सोपं असताना लोक पैसे देऊन का उडतात, कळत नाही.

प्लॅन असा. तिरुचीहून पुणे. जायचं एक तिकीट, यायची दोन. कनकलता मुलीच्या, हरिताच्या, बाळंतपणाला तीन महिने म्हणून गेली ती गेल्या सप्टेंबरात. नात अखिला आता रांगते. मुलीकडचा पाहुणचार पुरे झाला. मी जाणार, बायकोला घेऊन येणार. कोणाला आधी कळवायचं नाही. सरप्राइज.

डायरीही आजपासूनच. पुण्याची मराठी लिहायचा सराव. आमची तंजावूरची मराठी ऐकून तिकडे लोक चमकतात म्हणे. भाजीवालीने कनकलतेला विचारलं, कर्नाटकातून आलात का. मला असं कोणी विचारणार नाही.

५ जून, सकाळी

शिवगंगा बागेत फिरायला. भरद्वाज भेटला. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस. म्हणाला, आज रात्री गाडीत बसा, चेन्नईला बदला, परवा पुण्यात. रेल्वेवाल्याला रेल्वेच सुचणार.

मी म्हटलं, घाई काय आहे? शिवाय हरिताने अजून 'या' म्हटलेलं नाही. बोलण्यात राहून गेलं असणार. दोन मुलं, ऑफिस, तिला तरी किती गोष्टी लक्षात राहतील? फुकट तिकिटावर गेलं की बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. पॉइंट वाया जात होते म्हणून आलो, असं म्हणता येतं. रेल्वेने गेल्यावर काय म्हणायचं?

हे शेवटचं भरद्वाजला सांगितलं नाही.

१४ जून

करंट बिल, म्हणजे विजेचं, कार्डावर भरलं. पॉइंट शून्य. स्कूटरमध्ये पेट्रोल टाकलं. शून्य. अटी वाचल्या. भिंग घेऊन वाचल्या. बिलं नाहीत, पेट्रोल नाही, सोनं नाही. म्हणजे माणूस ज्यावर खर्च करतो ते सोडून बाकी सगळ्यावर पॉइंट आहेत.

निश्चय: आजपासून फक्त बाकी सगळ्यावर खर्च.

१७ जून

इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर घेतला. घरात एक आहे, पण त्यावर पॉइंट मिळालेले नाहीत. दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती? मी म्हटलं, चार-पाच. मोठा दिला.

२० जून

इडलीचं पीठ वाटलं. ग्राइंडर मोठा असल्याने थोडं वाटता येत नाही, भांड्याला चिकटूनच संपतं. तीन डबे भरून पीठ झालं. दोन डबे समोरच्या शेषम्मांना दिले. त्यांनी विचारलं, एवढं कोणासाठीं हो वाटतां? मी म्हटलं, कनकलता यायची आहे.  त्यांनी डबे घेतले.

२८ जून

नवी पद्धत काढली. दुकानातली, हॉटेलातली दुसऱ्यांची बिलं आपल्या कार्डावर भरायची, त्यांच्याकडून रोख घ्यायची. त्यांचं काही जात नाही, आपले पॉइंट वाढतात. सुपरमार्केटच्या रांगेत एका गृहस्थांना विनंती केली. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि मॅनेजरला बोलावलं. मी मॅनेजरला पूर्ण स्कीम समजावून सांगितली. त्याने मला दारापर्यंत सोडलं. सभ्य माणूस.

नंतर हॉटेलात मात्र जमलं. ओरत्तनाडूहून आठ जण आले होते, साखरपुड्याच्या साड्या घ्यायला. त्यांना आधी मी हॉटेलचाच माणूस वाटलो. मग समजावल्यावर हसले, रोख दिली आणि बसवून कॉफी पाजली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी तमिळमध्ये घरची चौकशी केली. मी सांगितलं, बायको गावाला गेली आहे, या आठवड्यात येईल. त्या म्हणाल्या, मग लग्नाला दोघंही या. पत्ता दिला.

आठ जणांच्या जेवणाचे पॉइंट! रात्री घरी जेवावंसं वाटलं नाही. कॉफी जड झाली असणार.

११ जुलै

ॲप उघडलं. 'वेलकम, मिस्टर अप्पाजी.' बॅलन्स शून्य.

अप्पाजी म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. त्यांनी आयुष्यात विमान पाहिलं ते एअर फोर्सचं, तेही गच्चीवरून. ते आता विमान कंपनीचे मेंबर आहेत आणि मी नाही.

चूक माझी नाही. माझं नाव टी. ए. वेंकटराव. टी म्हणजे तंजावूर, ए म्हणजे अप्पाजी. ॲपला आडनाव हवं होतं, त्याशिवाय पुढेच जाईना. इकडे आडनाव लावतो कोण? गाव घालावं की बाप, असा विचार करून बाप घातला. पण कार्डावर नाव वेगळं, आधारवर वेगळं. त्यामुळे माझे पॉइंट माझ्यापर्यंत न येता मध्येच कुठेतरी लटकलेत.

१२ जुलै

कस्टमर केअर. वासुकी नावाची मुलगी, मदुरैची. तमिळमध्ये बोलली म्हणून बरं. विचारलं, सार, तुमचं फॅमिली नेम काय? मी म्हटलं, होतं एक, महाराष्ट्रातून येताना आणलेलं. पण तीनशे वर्षांत कोणी वापरलं नाही. ती म्हणाली, सार, तीनशे वर्षांचं सिस्टिममध्ये बसत नाही. आधारचा फोटो पाठवा.

हुशार आहे. शेवटी विचारलं, आणखी काही मदत करू का? मी ग्राइंडरचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१९ जुलै

वासुकीला फोन. काम प्रोसेसमध्ये आहे. आणखी काही मदत करू का, असं पुन्हा विचारलं. मी थोडा विचार करून म्हटलं, आज काही नाही.

२३ जुलै

वासुकीला फोन. प्रोसेसमध्ये. आज तिनेच विचारलं, सार, जेवण झालं का? या कंपनीची सर्व्हिस चांगली आहे, लोक उगाच नावं ठेवतात.

३ ऑगस्ट

नाव दुरुस्त झालं, पॉइंट आले. अप्पा मेंबरशिपमधून मोकळे झाले, मी मेंबर झालो. शेषम्मांना साखर नेऊन दिली.

संध्याकाळी तिकीट पाहायला बसलो. पॉइंटवर फक्त मूळ भाडं माफ. टॅक्स, विमानतळाची फी आणि सोयीसाठी म्हणून आणखी एक फी, हे रोख. भरद्वाज म्हणाला, या फीमध्ये तुम्ही रेल्वेने पुण्याला जाऊन चहा पिऊन परत याल. मी म्हटलं, रेल्वेत पॉइंट मिळतात का? 

सध्याच्या पॉइंटांत एक जाणं आणि अर्धं येणं बसतं. अर्ध्या वाटेवर उतरायची सोय नाही. येण्याच्या दोन तिकिटांचे पॉइंट पूर्ण होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

१० ऑगस्ट

रविवारचा फोन. कनकलता म्हणाली, सोसायटीतल्या बायकांचं भजन रविवारीं असतं, तुम्हीं बुधवारीं करा. बुधवारच बरा. रविवारी नेटवर्क बिझी असतं.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. कनकलता असती तर सकाळपासून घरात नारळाचा वास सुटला असता. मोदक स्वीट स्टॉलमधून आणले, कार्डावर. देवाचं देव झालं, पॉइंटचे पॉइंट. आरतीला एक टाळी कमी पडते. घंटा एका हातात धरली की दुसऱ्या हाताने टाळी वाजत नाही.

नशिबाने आज बुधवारच होता. फोन केला. पुण्यात ढोल, ऐकू येईना. ती कोणाला तरी काही सांगत होती आणि हसत होती. मला नव्हे, तिकडे कोणाला तरी. इतकी हसताना बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. पुण्याची हवा मानवलेली दिसते. पण हवा काय, तंजावूरचीही चांगली आहे.

१४ सप्टेंबर

ईमेल. 'आमच्या मेंबरांसाठी आनंदाची बातमी.' बातमी अशी की कालपर्यंत जितक्या पॉइंटांत तिकीट मिळत होतं, तितक्यात आता मिळणार नाही. जास्त लागतील. आनंद नेमका कोणाला झाला ते लिहिलेलं नाही.

वासुकीला फोन केला. वासुकी नाही, रेकॉर्ड केलेला आवाज. तमिळसाठी दोन दाबा. दोन दाबलं. तोच आवाज तमिळमध्ये.

निश्चय: दोन तिकिटांचा हट्ट सोडायचा नाही. दुसरी मिक्सी पाहायला हवी.

२० ऑक्टोबर, दीपावली

पहाटे तेल लावून आंघोळ. पाठीला तेल पोचत नाही. शेषम्मांनी अधिरसम पाठवले, आपल्या अनारशांसारखे. हरिताने फोटो पाठवला: जावई श्रीहर्ष, थोरला नातू प्रणवेश, मांडीवर अखिला, मध्ये कनकलता नव्या साडीत. फोटो चांगला आहे. मीही एक काढून पाठवला, पण त्यात ग्राइंडरच जास्त आला.

२४ ऑक्टोबर

शोध लागला! ॲपमध्ये 'फॅमिली अकाउंट' असतं. कुटुंबातल्या सगळ्यांचे पॉइंट एकत्र. पुण्याला जाताना उडली तेव्हा कनकलताही मेंबर झाली आहे, तिचेही पॉइंट असणारच. दोघांचे मिळवले की जायचं एक आणि यायची दोन, सगळं बसतं. कुटुंबप्रमुख अर्थात मी. किमान दोन मेंबर हवेत. आम्ही दोघं आहोतच.

इतके महिने हे कोणी सांगितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२५ ऑक्टोबर

कनकलतेचा मेंबर नंबर तिच्या जुन्या बोर्डिंग पासच्या फोटोवर सापडला. टाकला. उत्तर आलं: 'ही व्यक्ती आधीच दुसऱ्या कुटुंबात आहे.'

पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

कस्टमर केअरला विचारलं. कोणी एक मुलगा होता. म्हणाला, एका माणसाला एकच कुटुंब, सार. तिकडच्या प्रमुख हरिता. मी म्हटलं, मग माझं? त्याने पाहून सांगितलं, तुमच्या कुटुंबात तुम्ही एकटेच आहात, दोन दिवसांत ते आपोआप बंद होईल.

सिस्टिमची भाषा आहे, मनाला लावून घ्यायची नसते. लागली. दुपारी जेवलो नाही. बत्तीस वर्षं ओरत्तनाडूच्या ऑफिसातून संध्याकाळच्या बसने याच घरी आलो, तेव्हा दार आतून उघडायचं. आता कुलूप मीच घालतो आणि मीच काढतो. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. ॲपमध्ये आणखी एक बटण आहे: 'या कुटुंबात सामील होण्याची विनंती करा.' प्रमुखपदाचा आग्रह धरणं बरं नाही. माणसाने लवचिक असावं.

बटण दाबलं. स्टेटस पेंडिंग.

२९ ऑक्टोबर

पेंडिंग. बुधवारचा फोन झाला. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. हरिता बिझी असते.

२ नोव्हेंबर

हरिताने मंजूर केलं! ॲपवर रंगीत कागद उडाले. 'कुटुंबात आपलं स्वागत.' सगळ्यांची नावं ओळीने आहेत आणि खाली माझं. एकूण पॉइंट भरपूर. तिकिटं काढायचा अधिकार फक्त प्रमुखाला, पण ती तांत्रिक बाब झाली.

बॅग काढून उन्हात ठेवली. भरद्वाजला सांगितलं, येत्या पंधरवड्यात उडतोय. तो म्हणाला, बरं झालं, थंडीचं स्वेटर न्या. काहीही म्हणा, मित्र चांगला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

हरिताचा फोन, स्वतःहून. थँक्यू अप्पा, म्हणाली. मी म्हटलं, कशाबद्दल? तर कनकलतेची भजनातली मंडळी डिसेंबरात काशीला चालली आहेत, विमानाने. हिचंच तिकीट अडलं होतं. नेमके माझे पॉइंट आले. जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं त्यावर बसली, कालच काढली. मी विचारलं, ते काशीसाठी आहेत असं कोण म्हणालं? हरिता म्हणाली, ॲपमध्ये जूनपासूनचे पॉइंट बघून अम्माच म्हणाली. म्हणाली, सहा महिने धडपडून जमवलेत ते माझ्यासाठींच असणार, दुसऱ्या कोणासाठीं जमवतील ते?

तसं पाहिलं तर खरंच आहे.

मग कनकलता फोनवर आली. आवाज आनंदात होता. म्हणाली, तुम्हींहि या ना. पुण्यास या, आठ दिवस राहा, अखिला तुम्हांस पाहीलहि, मग सगळे मिळून काशीस जाऊं. मला ऐकू आलं नाही असं वाटून तिने पुन्हा म्हटलं, या ना हो.

मी म्हटलं, पॉइंट संपले.

ती म्हणाली, सरि, म्हणजे बरं. मग गोळ्या वेळेवर घेतां ना, विचारलं. हो म्हटलं. फोन ठेवला.

थोड्या वेळाने मी परत लावला. हरिताने घेतला. म्हणाली, अम्मा आत्ताच बायकांबरोबर काशीची खरेदी करायला बाहेर पडली, काही निरोप देऊ का?

म्हटलं, काही नाही. सहज केला होता.