दोघांनी पाहिला तर पक्षी

मी, खाली सही करणारी, उभा जन्म ताडपत्र्या शिवण्यात घालवलेली विधवा बाई, वय चौऱ्याहत्तर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. धाकट्या दिरांचे मत वेगळे आहे, पण त्यांना विचारलेय कोणी? माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे, कारण बाहेर असले झकास वादळ सुटलेय की हे उरकून कधी एकदा खिडकीशी बसते असे झालेय.

१. घर लेकीला. वरच्या खोलीच्या समुद्राकडच्या खिडकीला जावयांनी जाड काच बसवू नये. वारा तोंडावर लागल्याशिवाय पाखरे कुठून येणार ते कळत नाही.

२. बँकेतली शिल्लकही लेकीलाच. त्यातून माझ्या स्मरणार्थ बाक बांधलात तर भूत होऊन त्यावर मीच बसेन, कोणाला टेकू देणार नाही.

३. शिवणयंत्र आणि दाभण शेजारच्या छत्रीवालीला. दाभण ती मागून नेते आणि परत द्यायला विसरते. आता विसरायचे कष्ट नकोत.

४. धाकट्या दिरांना माझा रेनकोट. "वहिनी, या वयात पावसात बसून पाखरं बघता, लोक काय म्हणतील?" हे त्यांनी दर वादळात विचारले. घालून बसा भाऊजी, लोक तुम्हालाही काहीबाही म्हणतील.

५. दुर्बीण, तिपाईसकट, बोटीच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेल्या मास्तरांना, एका अटीवर. वादळात खोल समुद्रातली पाखरे किनाऱ्याकडे ढकलली जातात, आणि आम्ही दोघे वर्षानुवर्षे एका ताडपत्रीखाली बसून ती टिपतो. नियम एकच: एकाने पाहिला तर अफवा, दोघांनी पाहिला तर पक्षी. एकदा कात्र्या, तो क्वचितच किनाऱ्याला येणारा समुद्रपक्षी, माझ्या डोक्यावरून गेला, काळाकुळकुळीत, शेपूट कात्रीसारखी, तेव्हा मास्तर थर्मासचे झाकण शोधत होते. म्हणाले, "घार असेल हो, बाई." घार! तेव्हापासून माझा कात्र्या अफवा आहे, आणि ते मला आजही झोंबते. मास्तरांनी तो मान्य करावा, नाहीतर दुर्बीण भंगारात जाईल.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी बजावलेय. म्हणून एक साक्षीदार त्या स्वतः, दुसरे बर्फवाले. ते वादळात अडकलेत.

पुरवणी, त्याच बैठकीत: मी सहीसाठी मान खाली घातली आणि खिडकीशी बसलेले मास्तर ओरडले, "कात्र्या! बाई, कात्र्या!" मान वर करेपर्यंत नुसता पाऊस. वकीलबाई कागद धरून बसल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "काळी पिशवी उडाली असेल." मास्तरांचा चेहरा असा काही पडला की मी पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुम्ही तरी मानता ना?" त्यांनी विचारले.

"मानते. पण मला नाही दिसला हो."

ते खिडकी सोडून टेबलाशी आले. मग म्हणाले, "पेन द्या इकडे. साक्षीदार मी होतो."

"अहो, मग दुर्बीण जाईल हातची!"

"जाऊ दे."

सही: (माझीच, हसण्यामुळे वाकडी)
स्थळ: वरची खोली, खिडकी सताड उघडी
दिनांक: वादळाचा दुसरा दिवस, ऐन भरतीला, तारीख वकीलबाई घालतील

साक्षीदार १: वकीलबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: तिकीटमास्तर, निवृत्त. सही माझ्यासमोर झाली. बाईंचा कात्र्या मी पाहिला नव्हता. तो कात्र्याच होता.